भाजलेल्या रुग्णाची त्वचा : रोपणाचे पर्याय आणि वैद्याचे कर्तव्य

भाजलेल्या जागी कोणते औषध लावावे, हा प्रश्न आपल्या व्यवसायात नित्याचा आहे. गिरगावच्या चाळीत फटाक्याने हात पोळलेले मूल असो, लालबाग-परळच्या खानावळीत उकळते तेल पायावर सांडलेला कामगार असो, वा दादरच्या स्वयंपाकघरात चहाचे आधण अंगावर घेतलेली गृहिणी असो. रुग्ण प्रथम जवळच्या औषधांच्या दुकानात जातो, तेथून वैद्याकडे येतो आणि रुग्णालयाची पायरी सर्वांत शेवटी चढतो. बहुतेक वेळा या क्रमाने काही बिघडत नाही, कारण बहुतेक भाजणे उथळ असते. मात्र व्रण खोल असेल तर हाच क्रम रुग्णाच्या जिवावर वा अवयवावर बेततो.

६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी लालबागच्या गणेश गल्लीतील साराभाई इमारतीत स्वयंपाकाच्या गॅसची गळती होऊन स्फोट झाला. जखमींपैकी काहींचा मृत्यू त्या क्षणी नव्हे, तर पुढील दिवसांत रुग्णालयात झाला. तीव्र दग्धाचे हे वैशिष्ट्य प्रत्येक वैद्याने ध्यानी घ्यावे असे आहे. अग्नी काही क्षणांत विझतो, परंतु त्वचेचे आवरण गमावलेले शरीर पुढे अनेक दिवस द्रव, उष्णता आणि प्रथिने गमावत राहते व जंतूंना वाट मोकळी होते. हे आवरण परत मिळवणे म्हणजेच त्वचारोपण. ते कोणकोणत्या मार्गांनी होते, आपल्या शास्त्राशी त्याचा संबंध काय, आणि शस्त्रक्रिया न करणाऱ्या आपणां वैद्यांचे व औषधी विक्रेत्यांचे त्यात काम कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

दग्धाची खोली : सर्व निर्णयांचे मूळ

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार वर्णिले आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. प्लुष्टात त्वचेचा वर्ण पालटतो व दाह होतो. दुर्दग्धात फोड येतात, तीव्र वेदना होते व व्रण शमण्यास वेळ लागतो. सम्यग्दग्ध हे मुख्यतः अग्निकर्म योग्य रीतीने झाल्याचे लक्षण होय. अतिदग्धात मांस लोंबते, सिरा-स्नायू-संधी-अस्थींचा नाश होतो, ज्वर, तृष्णा व मूर्च्छा हे उपद्रव होतात; व्रण फार उशिरा भरतो आणि भरला तरी विवर्ण राहतो. दोन सहस्र वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही दवाखान्यात पडताळून पाहता येते.

आधुनिक शल्यशास्त्र हीच गोष्ट त्वचेच्या थरांच्या भाषेत सांगते. केवळ बाह्यत्वचा भाजली तर लाली व दुखणे एवढेच राहते आणि व्रण आठवड्याच्या आत बरा होतो. अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजला तर फोड येतात. फोडाखालची जागा ओलसर, गुलाबी व अतिशय दुखरी असते आणि बोटाने दाबून सोडल्यास पांढरी होऊन पुन्हा लाल होते. असे व्रण साधारणतः दोन आठवड्यांत भरतात. अंतस्त्वचा खोलवर भाजली तर जागा फिकट वा ठिपकेदार लाल दिसते, दाबल्यावर रंग परत येत नाही आणि वेदना कमी असते. संपूर्ण त्वचा जळाली तर ती जागा पांढरी, तपकिरी वा काळी, चामड्यासारखी टणक होते आणि टाचणी टोचली तरी कळत नाही.

येथे एक घातक गैरसमज संभवतो. रुग्ण म्हणतो, ‘फारसे दुखत नाही’, आणि ऐकणाऱ्यास वाटते की भाजणे किरकोळ आहे. वास्तविक वेदना नसणे हे येथे अशुभ लक्षण आहे. वेदना वाहणाऱ्या नाड्याच जळून गेल्याची ती खूण होय.

त्वचा पुन्हा कशी उगवते, हे समजले की पुढील सर्व विवेचन सोपे होते. अंतस्त्वचेत रुतलेली केसांची मुळे, घर्मग्रंथी व स्नेहग्रंथी यांच्या भिंतींत बाह्यत्वचेच्या जिवंत पेशी असतात. वरची त्वचा गेली तरी या मुळांतून नव्या पेशी वर येतात, पसरतात आणि व्रण झाकतात. शेतातले गवत वरून जळाले तरी मुळे शाबूत असतील तर पहिल्या पावसात हिरवे होते, तसाच हा प्रकार आहे. मुळेच जळाली तर मात्र व्रणाच्या केवळ कडांवरून पेशी आत सरकू शकतात, आणि तळहाताएवढ्या व्रणाच्या मध्यापर्यंत पोचण्यास त्यांना कित्येक आठवडे लागतात. तेवढ्या काळात तेथे कठीण, आकुंचन पावणारा व्रणवस्तू तयार होतो; मान छातीला चिकटते, कोपर दुमडून राहते, बोटे आखडतात.

म्हणून आमचे सांगणे एका वाक्यात असे आहे : औषध उरलेल्या मुळांना साहाय्य करते, ते नष्ट झालेली मुळे निर्माण करीत नाही. जेथे मुळे नाहीत तेथे त्वचा आणावीच लागते.

औषधांचे सामर्थ्य आणि मर्यादा

हे विधान वनौषधींचा अधिक्षेप करण्यासाठी नाही. उथळ दग्धव्रणात आपल्या परंपरेतील द्रव्ये किती उपयोगी पडतात, याचे पुरावे याच मुंबईत व महाराष्ट्रात सिद्ध झाले आहेत आणि ते शल्यचिकित्सकांनीच दिले आहेत.

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीदार कापडावर बसवून, निर्जंतुक करून त्या दग्धव्रणावर बांधण्याचा प्रयोग केला व १९८५ साली तो प्रसिद्ध केला. साल व्रणाला ओलावा देते, चिकटत नाही आणि पट्टी बदलताना मूल रडत नाही, असे त्याचे गुण होते. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास केला. उथळ दग्धव्रणांवर, तसेच रोपणासाठी जेथून त्वचा काढली त्या जागेवर केळीचे पान सुखद व अत्यंत अल्पखर्चाचे ठरल्याचे त्यांचे लेख २००३ साली आले. व्रणाच्या साठ उपक्रमांत सुश्रुतांनी पत्रदानाचा समावेश केला आहे आणि अतिदग्धात गुळवेलीच्या वा जलवनस्पतींच्या पानांनी व्रण झाकण्यास सांगितले आहे, याचे येथे स्मरण होते.

मधाविषयीचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली दग्धव्रणावर मध व सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उथळ व्रणांत मध सरस ठरला. आपल्या व्यासपीठांवरून हा अभ्यास आवर्जून सांगितला जातो. परंतु त्याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९९ साली ५० रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो मात्र क्वचितच सांगितला जातो. त्यात एका गटाची जळालेली त्वचा लवकर तासून काढून त्वचारोपण केले गेले. दुसऱ्या गटास मधाची पट्टी व गरज पडल्यास उशिरा रोपण, असा उपचार झाला. लवकर रोपण केलेला गट निःसंशय सरस ठरला : रुग्णालयातील वास्तव्य कमी झाले, रोपण अधिक चांगले धरले आणि अवयवांची हालचाल व रूपही चांगले राहिले. मधाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता संशोधकच मधाची सीमा आखून देतो, हे शास्त्रनिष्ठेचे उत्तम उदाहरण होय. पहिला अभ्यास सांगताना दुसराही सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

सुश्रुतांचा क्रमही याच्या विरुद्ध नाही. अतिदग्धात प्रथम विशीर्ण मांस काढून टाकावे आणि मग शीत क्रिया व लेप करावेत, असे ते सांगतात. मृत भाग तसाच ठेवून त्यावर लेपांचे थर चढवणे हे ग्रंथालाही संमत नाही.

सुश्रुतांचे संधानकर्म आणि आजचे त्वचारोपण

‘त्वचारोपण सुश्रुतांनीच शोधले’ असे विधान आपल्या सभांतून वारंवार ऐकू येते. अभिमान योग्यच, परंतु विधान नेमके असावे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान व नाक यांचे संधान आहे. नाकासाठी गालाची त्वचा उचलताना ती एका बाजूस शरीराशी जोडलेली ठेवली जाते, जेणेकरून तिचा रक्तपुरवठा खंडित होऊ नये. देठासह वळवलेल्या अशा त्वचेस शल्यचिकित्सक ‘फ्लॅप’ म्हणतात. शरीरापासून पूर्ण विलग करून दुसरीकडे लावलेली त्वचा ती ‘ग्राफ्ट’. दोहोंचे तत्त्व वेगळे आहे.

फ्लॅपची परंपरा महाराष्ट्रात अखंड राहिली होती, याचा लेखी पुरावा प्रसिद्ध आहे. इंग्रज सैन्याच्या चाकरीतील कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेल्या या शस्त्रकर्माचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये तसे शस्त्रकर्म केले आणि युरोपात आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीला चालना मिळाली.

पूर्ण विलग केलेल्या त्वचेचे रोपण एकोणिसाव्या शतकात स्थिरावले. १८६९ साली जाक रेव्हरदँ यांनी त्वचेचे लहान लहान कण व्रणावर रुजवून दाखवले. १८७४ साली कार्ल टियर्श यांनी पातळ, रुंद पापुद्र्यांचे रोपण रूढ केले. भाजलेल्यांच्या बाबतीत खरी क्रांती १९७० मध्ये झाली. युगोस्लाव्हियातील झोरा यान्झेकोविच यांनी जळालेली त्वचा आपोआप सुटून येण्याची वाट न पाहता, पहिल्या काही दिवसांतच थराथराने तासून, खाली रक्तस्राव करणारी जिवंत पातळी दिसताच तेथे रोपण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजची सर्व दग्धचिकित्सा या तत्त्वावर उभी आहे.

रोपणाचे पर्याय

१. रुग्णाची स्वतःची त्वचा. कायमस्वरूपी धरणारे रोपण मुख्यतः हेच. मांडी, पाय, पाठ अशा न भाजलेल्या जागेवरून डर्मॅटोम नावाच्या यंत्राने वा विशिष्ट सुरीने बाह्यत्वचा व अंतस्त्वचेचा थोडा अंश असलेला, मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ पापुद्रा काढतात. जेथून तो काढला तेथे मुळे शिल्लक असल्याने ती जागा सुमारे दोन आठवड्यांत आपोआप भरते व गरज पडल्यास तेथून पुन्हा त्वचा घेता येते. चेहरा व हात यांसाठी अखंड पापुद्रा वापरतात. व्रण मोठा असेल तर पापुद्र्यास यंत्राने छेद देऊन जाळी करतात; ती ताणली की दीडपट, तिप्पट वा त्याहूनही अधिक जागा व्यापते आणि जाळीच्या छिद्रांतून स्रावही निघून जातो. भरल्यावर जाळीची नक्षी दिसत राहते, हे रुग्णास आधीच सांगावे.

पापण्या, बोटे अशा जागी आकुंचन परवडत नाही. तेथे कानामागील वा जांघेतील पूर्ण जाडीची त्वचा लावतात व तिची मूळ जागा टाके घालून बंद करतात. हाड, स्नायूबंध वा सांधा उघडा पडला असेल तर विलग त्वचा तेथे धरत नाही. तेथे रक्तपुरवठ्यासह फ्लॅपच आणावा लागतो. सुश्रुतांचे तत्त्व येथे आजही तसेच्या तसे वापरात आहे.

रोपण धरते कसे? पहिले एक-दोन दिवस त्वचेचा तुकडा व्रणातील द्रव शोषून जगतो. मग दोन्हीकडील सूक्ष्म वाहिन्यांची मुखे जुळतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रक्ताभिसरण सुरू होते. या काळात खाली रक्त वा स्राव साचला, जंतुसंसर्ग झाला किंवा तुकडा सरकला तर रोपण निष्फळ होते. पट्टी उघडू नये, अवयव हलवू नये, असे रुग्णास बजावले जाते ते यासाठी.

२. मरणोत्तर दान केलेली त्वचा. शरीराचा निम्मा भाग खोल भाजला असेल तर उरलेल्या निम्म्यातून चेहरा, हात, पाऊल, सांधे वगळता काढण्याजोगी जागा फारच थोडी राहते. एकदा काढल्यावर ती जागा पुन्हा भरेपर्यंत दोन आठवडे थांबावे लागते, आणि तेवढा काळ उघडा व्रण घेऊन रुग्ण टिकत नाही. ही उणीव दात्याची त्वचा भरून काढते. ती कायमची धरत नाही. काही आठवड्यांत शरीर तिला नाकारते. मात्र तेवढ्या अवधीत ती द्रवहानी रोखते, वेदना शमवते, जंतूंना अटकाव करते आणि रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेस सवड देते. बरीच ताणलेली स्वतःची जाळी खाली व दात्याची त्वचा वर, अशीही योजना करतात. रक्तगट जुळवण्याची गरज नसते. तात्पुरते आवरण म्हणून तिच्याकडे कोणी उणे पाहू नये. तीव्र दग्धात जीव वाचतो तो या ‘तात्पुरत्या’ दिवसांतच.

३. जैविक आवरणे. गर्भावरणाचा पातळ पडदा, म्हणजे ॲम्निऑन, हे उथळ व्रणासाठी उत्तम आच्छादन आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली सुरू झालेल्या ऊतिपेढीने वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले असे पडदे उपलब्ध करून दिले. गोवंशीय प्राण्यांपासून केलेले कोलॅजनचे पडदेही आपल्याकडे प्रचलित आहेत. त्यांचा स्रोत रुग्णास सांगून संमती घेणे उचित. ही सर्व आवरणे उथळ व्रणास भरण्यास मदत करतात. खोल व्रणात ती रोपणाची जागा घेत नाहीत.

४. प्रयोगशाळेतील त्वचा व कृत्रिम अंतस्त्वचा. रुग्णाच्या त्वचेच्या लहान तुकड्यातून पेशी वाढवून पापुद्रे तयार करण्याचे तंत्र १९७५ साली रेनवाल्ड व ग्रीन यांच्या संशोधनातून आले. त्यास सुमारे तीन आठवडे लागतात, पापुद्रा नाजूक असतो व खर्च मोठा होतो. कोलॅजनच्या साच्यावर नवी अंतस्त्वचा घडवणारे पदार्थही १९८१ पासून ज्ञात आहेत; त्यांवर नंतर स्वतःची पातळ त्वचा लावावी लागते. सामान्य मुंबईकर रुग्णासाठी आजही खरे पर्याय पहिले दोनच आहेत, आणि त्यांपैकी दुसरा समाजाच्या दानावर अवलंबून आहे.

दवाखान्यात आणि दुकानात काय करावे

प्रथमोपचाराबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. प्लुष्टात अग्नितापन करावे, शीत जलाने रक्त थिजते, असे संहितेत म्हटले आहे. परंतु आजच्या अनुभवाने सिद्ध झालेला उपचार असा की भाजल्याबरोबर, आणि फार तर पहिल्या तीन तासांत, नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. जळणे त्यामुळे खोलवर जात नाही. बर्फ लावू नये. मोठ्या दग्धात व लहान मुलांत अंग गार पडणार नाही याची काळजी घ्यावी. ग्रंथाचा आदर राखूनही या बाबतीत रुग्णास पाणीच सांगावे, असे आमचे मत आहे.

तापलेला स्नेह सूक्ष्म सिरांतून आत शिरून त्वरित जाळतो, म्हणून स्नेहदग्धात वेदना अधिक व क्रिया विशेषतः रूक्ष असावी, असे संहिता सांगते. तळणाच्या तेलाने पोळल्यावर त्यावर पुन्हा तूप चोपडणे म्हणूनच शास्त्रालाही धरून नाही. शाई, टूथपेस्ट, हळद, जांभळे औषध यांचा लेप व्रणाची खोली झाकून टाकतो. रुग्णालयात तो खरवडून काढताना रुग्णास यातना होतात आणि निदानास विलंब लागतो. पाठवायचा रुग्ण स्वच्छ कोरड्या कापडात गुंडाळूनच पाठवावा.

पुढील रुग्ण कोणताही लेप न लावता त्वरित पाठवावेत :

– प्रौढात शरीराच्या दहा टक्क्यांहून अधिक भाग फोड येण्याइतका भाजलेला. बालकांत व वृद्धांत याहूनही कमी. रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे सुमारे एक टक्का, असे मोजावे.
– चेहरा, हात, पाऊल, गुह्यभाग व मोठे सांधे यांवरील भाजणे.
– पांढरा, काळा, टणक वा वेदनारहित व्रण. तसेच हाताभोवती, पायाभोवती वा छातीभोवती वळसा घेणारा व्रण.
– विजेचा धक्का वा आम्ल-क्षाराने झालेले भाजणे. विजेच्या दग्धात बाहेर लहानशी खूण व आत मोठा नाश असू शकतो.
– बंद जागेत धुरात सापडलेला रुग्ण, आवाज बसलेला, नाकातील केस जळालेला वा काळी थुंकी येणारा. सुश्रुतांनी धूमोपहताचे वर्णन दग्धाच्याच अध्यायात केले आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीत लोअर परळला १४ जणांचा बळी गेला, तो मुख्यतः धुराने.
– दोन आठवड्यांत भरण्याची चिन्हे न दाखवणारा कोणताही दग्धव्रण.

आपल्या परिसरात चिंचपोकळीचे कस्तुरबा, परळचे केईएम, भायखळ्याचे मसीना, मुलांसाठी वाडिया, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि खाडीपलीकडे ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर ही नावे व त्यांचे दूरध्वनी दवाखान्यात भिंतीवर असावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसलेल्या कुटुंबास हे एक वाक्य सांगितले तरी पुष्कळ.

औषधी विक्रेत्यांनी मलम देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कशाने भाजले? किती व कोठे? दुखते आहे का? उत्तर शंकास्पद वाटले तर मलम विकण्याआधी रुग्णालयाचा पत्ता द्यावा.

नोव्हेंबर २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेत शल्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शस्त्रकर्मांत त्वचारोपणाचा उल्लेख आहे व त्यावरून मोठा वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. एवढे निश्चित की ती तरतूद पदव्युत्तर शल्यप्रशिक्षणासाठी आहे, आणि तीव्र दग्धाचा रुग्ण भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, अतिदक्षता व निर्जंतुक कक्ष असलेल्या ठिकाणीच जगतो. अधिकाराचा प्रश्न वेगळा, सुसज्जतेचा वेगळा.

रोपणानंतर

रुग्णालयातून सुटल्यावर रुग्ण पुन्हा आपल्याकडेच येतो आणि येथे वैद्याचे काम मोठे आहे. पातळ रोपणात स्नेहग्रंथी व घर्मग्रंथी पुरेशा नसतात, त्यामुळे त्वचा कोरडी पडते, भेगाळते व खाजते. व्रण पूर्ण भरल्यावर, शल्यचिकित्सकाच्या संमतीने, साधे नारळाचे तेल वा शतधौतघृत हलक्या हाताने लावावे. घाईने केलेल्या मर्दनाने नव्या त्वचेस फोड येतात. उन्हापासून जपावे, अन्यथा वर्ण काळवंडतो. दाब देणारे कपडे वर्ष-दीड वर्ष घालावे लागतात. मुंबईच्या उकाड्यात रुग्ण ते टाकून देतो आणि व्रणवस्तू उंच व कठीण होतो. हे कपडे व सांध्यांचे व्यायाम सोडू नका, असे दर भेटीत सांगणारा कोणी तरी असावा लागतो. तो कुटुंबाचा वैद्यच असू शकतो.

आहाराविषयी एक इशारा. भाजलेल्याचे शरीर प्रथिने झपाट्याने खर्च करते. अशा रुग्णास लंघन वा केवळ पेजेवर ठेवणे अहितकारक आहे. दूध, डाळी, अंडी, रुचेल व पचेल ते मांसरसादी बृंहण द्यावे. तीव्र अवस्थेत मूत्रपिंडांवर ताण असतो. त्या काळात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना न कळवता रसौषधी देऊ नयेत.

त्वचादान : आपल्या हातातील उपाय

देशातील पहिली त्वचापेढी २००० साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरची त्वचापेढी २००९ साली उभी राहिली. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्याच्या नावातच २०११ च्या दुरुस्तीने ‘ऊती’ हा शब्द आला. सोय आहे, कायदा आहे; कमतरता दात्यांची आहे.

त्याचे कारण बहुधा अज्ञान हेच. त्वचा काढणे म्हणजे देह सोलणे, अशी भीती लोकांच्या मनात असते. वस्तुस्थिती अशी की मांड्या, पाय व पाठ येथून केवळ पातळ पापुद्रा घेतला जातो. रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप होत नाही आणि पट्टी बांधून तो सन्मानाने परत दिला जातो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीचे पथक घरी वा रुग्णालयात येऊन सुमारे पाऊण तासात हे काम उरकते व त्याचे शुल्क नसते. दाता १८ वर्षांवरील असावा. वरची वयोमर्यादा नाही. ऐंशी वर्षांच्या आजीचीही त्वचा चालते. एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व ‘क’, रक्तातील जंतुसंसर्ग, त्वचेचा कर्करोग वा पसरलेला त्वचाविकार असल्यास ती घेत नाहीत. घेतलेली त्वचा तपासून ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ठेवली जाते व ती पाच वर्षांपर्यंत टिकते. नेत्रदान व त्वचादान दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात. जिवंतपणी अर्ज भरलेला नसला तरी निकटच्या नातेवाइकांच्या संमतीने दान होते. पोलिसांकडे नोंद झालेल्या मृत्यूत मात्र त्यांची अनुमती लागते.

गिरगाव-लालबागमध्ये वयोवृद्ध व्यक्ती घरी निवर्तली की मृत्यूचे प्रमाणपत्र देण्यासाठी प्रथम बोलावणे येते ते कुटुंबाच्या डॉक्टरला, म्हणजे अनेकदा आपल्याला. त्या घराचा आपल्यावर विश्वास असतो. डोळ्यांचा विषय आपण काढतो, त्याच वाक्यात त्वचेचाही काढावा. सहा तासांचा अवधी थोडा आहे, म्हणून हा विषय ज्येष्ठ रुग्णांशी व त्यांच्या मुलांशी आधीच बोलून ठेवणे उत्तम. औषधी दुकानांच्या दर्शनी भागात त्वचापेढीचा फलक लावण्यास काहीही खर्च नाही.

एका दात्याची त्वचा मोठ्या दग्धाच्या रुग्णास बहुधा पुरत नाही. एकेका रुग्णासाठी अनेक दाते लागतात. म्हणून प्रत्येक वैद्याने वर्षाकाठी एका जरी कुटुंबास या दानासाठी प्रवृत्त केले, आणि एक जरी खोल भाजलेला रुग्ण लेपाच्या मागे दिवस न दवडता वेळेवर पाठवला, तरी सुश्रुतांच्या संधानकर्माचा वारसा आपण सांगण्यास पात्र ठरू. आपल्या परिसरातील त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक वाचकांनी आजच मिळवून दवाखान्यात लावावा, एवढीच विनंती.